आईचा चौकोन

पंखा बंद केला, गॅसवरचा कुकर उतरवून ठेवला, खिडकीतल्या कबुतरांना हुसकावलं आणि मी जुईला म्हटलं, "हं, आता म्हण. मला तहान लागली आहे."

"मला तान लागलीय," जुई म्हणाली.

"तान नाही, तहान. आणि लागलीय नाही, लागली आहे. परत म्हण."

पोरगी दहा वर्षांची. शेजारच्या वनिताची धाकटी. रेकॉर्डिंग म्हटल्यावर फोटो काढायला निघाल्यासारखी तेल लावून, घट्ट वेण्या घालून, ठेवणीतला फ्रॉक चढवून आली होती. मी तिच्याकडून ते एक वाक्य सात वेळा म्हणवून घेतलं. खरं सांगायचं तर चौथ्याच वेळी ते छान झालं होतं, पण मी नाक मुरडून म्हटलं, "अजून नीट." चाकाच्या खुर्चीत बसलेली माझी शर्वरी हा तमाशा बघून इतकी हसत होती की दोनदा तिचं हसणंच रेकॉर्ड झालं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा आम्ही कराडजवळच्या पाटबंधारे वसाहतीत राहत होतो. आमचे हे ऑफिसात कारकून आणि वनिताचा नवरा खात्याच्या जीपवर ड्रायव्हर. दोन्ही घरांना मिळून एकच लांब ओटा, मधे भिंत नाही. त्यांच्या घरात फोडणी पडली की शिंक आमच्या घरात यायची, एवढं जवळ.

शरू नऊ वर्षांची होती. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातपाय, जीभ, काहीच तिच्या मर्जीत राहिलं नाही. डोकं मात्र लखलखीत. वर बघितलं म्हणजे हो, डोळे घट्ट मिटले म्हणजे नाही, आणि तेवढ्यावर आमचं मायलेकींचं सगळं चालायचं. तिला काय हवं ते मला कळायचं आणि बाकी कुणाला कळायचं नाही. लोक म्हणायचे, सुनेत्रावैनी म्हणून करतात बाई, दुसरी असती तर थकली असती. मी शाळेतली नोकरी सोडली होती ती याच्यासाठीच. थकायचे, पण आतून कुठंतरी मला ते आवडायचंही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ती साडेसात वर्षांची असताना मिरजेच्या अपंग मुलांच्या केंद्रातून एक बोलणारी पाटी आली. पाटी म्हणजे लांबरुंद बोर्ड, त्यावर बत्तीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चित्र. चौकोन दाबला की आत भरून ठेवलेलं वाक्य मोठ्यानं ऐकू येतं. मागच्या बाजूला लाल बटण होतं. ते दाबून धरायचं, चौकोनावर बोट ठेवायचं आणि बोलायचं, झालं. पहिल्यांदा सगळी वाक्यं मीच भरली. शरू उजव्या हाताची मूठ नेम धरून आपटायची आणि माझ्याच आवाजात म्हणायची, "मला भूक लागली आहे." पहिल्या दिवशी तिनं एकतीस चौकोन वाजवले आणि संध्याकाळपर्यंत वाजवत राहिली. बत्तिसावा, उजव्या कोपऱ्यातला, रिकामा होता. तिथं काय भरावं ते सुचलं नव्हतं.

दीड वर्ष असं गेलं. गमती व्हायच्या. नणंदेचे यजमान जेवायला बसलेले आणि माझ्या आवाजात, माझ्या ठसक्यात, "मला शी आली आहे." मी रागावले की शरू 'मी चिडले' दाबायची आणि माझाच आवाज माझ्याशी भांडायला उठायचा. आम्ही दोघी हसायचो. तिचं तोंड मी होते, आणखी काय हवं?

केंद्रातल्या दीपा मॅडमना मात्र ते बघवेना. त्या म्हणाल्या, "सुनेत्राताई, मुलगी नऊ वर्षांची आणि आवाज पस्तिशीतल्या बाईचा. बाकीची मुलं हसतात तिला. तिच्या वयाच्या एखाद्या मुलीचा आवाज भरा ना."

मी म्हटलं, शरूला माझाच आवडतो. दीपा मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तिलाच विचारू. पाटीवरच्या चौकोनांतले दोन फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवले. एक माझा, दुसरा जुईचा. वाढदिवसाच्या एका फोटोत जुई शरूला खेटून उभी होती, त्यातलाच तो कापलेला. शरूनं माझ्याकडे बघितलं. मग मूठ उचलली, ती हवेत दोनदा डगमगली आणि जुईच्या फोटोवर टेकली. वर खदखदून हसली.

परतीच्या एसटीत मी जुईचा फोटो पिशवीच्या पार तळाशी घातला.

जुईबद्दल मला आधीपासूनच पोटात दुखायचं. त्या पोरीच्या तोंडाचा पट्टा सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत. आये, माझं दप्तर कुठाय. आये, हा बघ की मारतोय. आये, आज काय केलंस. त्यांच्यात आईला आये म्हणत, शेवटचा ए असा लांबवून की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी हलावीत. आणि वनिता पाच हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. वर मलाच सांगायची, "वैनी, हिचं तोंड घटकाभर बंद राहील तर शपथ. डोकं उठतंय बघा." मी नुसती मान हलवायचे. त्या पाचातली एक हाक मला मिळाली असती तर मी हातातली परात टाकून पळाले असते, हे तिला कसं सांगायचं?

वनिता वाईट नव्हती. उलट माणूस म्हणून माझ्यापेक्षा चांगलीच. घरात गोडधोड झालं की शरूपुरतं मऊ कुस्करून आणायची. पण मत्सराला चांगलंवाईट कळत नाही. तिनं वाटी पुढं केली की मला वाटायचं, हिला देणं परवडतंय, हिच्याकडे आहेच भरपूर.

तर ते रेकॉर्डिंग. दोन दुपारी खपून मी जुईकडून तीस वाक्यं भरून घेतली. भरलेल्यांपैकी राहिला एक चौकोन, वरच्या ओळीतला पहिला. त्यात माझा फोटो होता आणि दाबला की 'आई' ऐकू यायचं.

"आये," जुई म्हणाली.

"आई म्हण. आमच्यात आई म्हणतात."

"आये," ती पुन्हा म्हणाली आणि जीभ चावली. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून, सगळं लक्ष लावून म्हटलं, "आईये." शरू हसून हसून खुर्चीत घसरली. मी पाटी उचलली आणि म्हटलं, राहू दे, जमणार नाही तुला. आणि बटणांना परत हात लावायचा नाही, महागाची वस्तू आहे, बिघडली तर तुझ्या बापाला भरून द्यावी लागेल. एवढं म्हणायची काही गरज नव्हती. जुईचा चेहरा उतरला. वेण्यांची टोकं चोखत ती घरी गेली.

पाचव्या-सहाव्या प्रयत्नात तिला 'आई' सहज जमलं असतं. सात वेळा तहान म्हणवून घेणारी मी, मला का घाई होती? मला ते नकोच होतं. बाकी सगळं जुईच्या आवाजात चालेल, पण माझ्या लेकीनं मला हाक मारायची ती वनिताच्या लेकीच्या गळ्यातून, हे माझ्यानं सोसवेना. तेवढा एक चौकोन मी माझ्याकडे ठेवला. तिथं माझाच आवाज राहिला.

त्या दिवसापासून शरूनं मला हाक मारायला तो चौकोन दाबणं सोडलं.

पहिल्या दोन-चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं नाही, मग मी पाळतच ठेवली. पाणी म्हणायची, टीव्ही म्हणायची, बाबा म्हणायची, जुई म्हणायची, आणि जुई तर दिवसातून दहादा. आई नाही. मी तिची मूठ धरून त्या चौकोनावर नेली तर डोळे घट्ट मिटून घ्यायची. नाही. मी यांना सांगितलं तेव्हा हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, हाक लांबच्या माणसाला मारतात. तू तिच्याजवळून हलतेस कधी?"

त्यावर मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मला कळत होतं काय झालंय ते. तिला तिकडची ओढ लागली होती. जुई यायची, ओट्यावर बसून तासन्‌तास तिच्याशी गप्पा मारायची, आणि माझी पोर पिकल्या चिंचेकडे बघावं तशी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. मी आले की दोघी गप्प. माझ्या लेकीला माझ्यापासून लपवण्यासारखं काही असावं, याचाच मला इतका राग आला की एके दिवशी मी वनिताला सांगून टाकलं, परीक्षा जवळ आली आहे, जुईला अभ्यासाला बसवत जा, सारखी इकडे पाठवू नको. वनिता म्हणाली, "बरं वैनी." जुई यायची बंद झाली.

एप्रिल लागला होता. शाळा सकाळची, त्यामुळे जुई दुपारी घरीच असायची. दुपारी चारच्या सुमाराला मी शरूला ओट्यावर बसवायचे, मांडीवरच्या फळीवर पाटी द्यायचे आणि मागं स्वयंपाकघरात कामाला लागायचे. समोर चाफा होता, रस्ता होता, येणारंजाणारं दिसायचं. तिला तिथं बरं वाटायचं, असं मी समजून होते.

आणि रोज त्याच वेळेला शेजारच्या कार्टीच्या हाका सुरू व्हायच्या. "आयेऽ." थोडं थांबून पुन्हा, "आयेऽ." मी पोळ्या लाटत ऐकायचे. एकेक हाक टाचणीसारखी टोचायची. वाटायचं, मुद्दाम करतेय की काय ही? मी तिला येऊ देत नाही म्हणून मला ऐकवतेय? पलीकडून वनिता ओरडायची, "आले गं, थांब की जरा." जायची नाहीच. हाका चालूच.

मी कामं आटपून साडेपाचला ओट्यावर यायचे तर शरूचा चेहरा लालबुंद, कपाळ घामानं चिंब, डोळे सुजल्यासारखे. मी पदरानं तोंड पुसायचे आणि मनात म्हणायचे, जुईसाठी रडली. एवढं करून जुईसाठी. मग मीही तिच्याशी जरा फटकून वागायचे. खुर्ची आत घेताना माझा हात जोरात लागायचा. हे लिहितानाही लाज वाटते, पण लागायचा.

एक दिवस हाका थांबेचनात. आठ, नऊ, दहा. शेवटी वनिता आतूनच गरजली, "गप बस गं, मुडदा बशिवला तुझा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागच्या दारानं मी तशीच पिठाच्या हातानं त्यांच्या मोरीशी गेले. वनिता धुणं पिळत होती. मी म्हटलं, "वनिता, लेक हाक मारते तर माणसानं ओ द्यावी. काहीजणी जन्मभर एका हाकेसाठी कान लावून बसतात. तुला फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही."

वनिताच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. ती रागावली नाही. गोंधळून म्हणाली, "अवं वैनी, सारखी हाक मारतीय आन जाऊन बघावं तर आत कॉटवर पुस्तक घेऊन बसलेली असती. का हाक मारली म्हटलं तर म्हणती, चुकून मारली. दोनदा पाठीत धपाटा घातला मी. आता अजून काय करू?"

मला तेव्हाही काही कळलं नाही. उलट बरं वाटलं, धपाटा बसला म्हणून.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जुईचा मामा तिला विट्याला न्यायला आला. दुपारच्या एसटीला मी स्वतः बघितलं, नवी पिशवी खांद्याला लावून पोरगी चालली होती. ओट्याच्या पायऱ्यांशी आल्यावर तिनं दारातल्या शरूकडे बघून हात हलवला. माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला. मला हायसं झालं. आता महिनाभर तरी शांतता.

चार वाजता शरूला बाहेर बसवलं आणि मी कैऱ्या चिरायला घेतल्या. अर्धा तास गेला असेल.

"आयेऽ."

झालं सुरू, माझ्या मनात आलं. नेहमीसारखं टोचलंही. पलीकडून वनिताही सवयीनं बोलली, "थांब गं, आले." मी पुढची कैरी घेतली, विळीवर धरली आणि माझा हात थांबला. जुई तर विट्याच्या वाटेवर होती.

"आयेऽ."

मी ओट्यावर पोचले तेव्हा वनिता तिच्या दारातून बाहेर आलेली होती. ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. चाफ्याच्या फांद्यांमधून उतरतं ऊन सरळ शरूच्या तोंडावर आलं होतं, आणि मान वळवता येत नसल्यामुळे ती डोळे मिचकावत तशीच बसली होती. तिनं मूठ उचलली. ती डगमगत, थरथरत पाटीच्या उजव्या कोपऱ्यात गेली. तिथं चित्र नव्हतं. तो बत्तिसावा, रिकामा चौकोन होता.

"आयेऽ," जुईच्या आवाजात पाटी म्हणाली.

वनितानं तोंडावर हात ठेवला. ती हळू आवाजात म्हणाली, "वैनी, ही तुम्हाला हाक मारतीय. मला नव्हं. महिना झाला, मी हिला गप बस म्हणतीय."

ते चौकोनात कसं आलं, हे जुईनं मला पुढं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तिच्या लग्नाला गेले होते तेव्हा. मी येऊ नको म्हणून सांगायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. शरूनं माझा चौकोन दाबला, मग लगेच 'नको' दाबला, पुन्हा माझा, पुन्हा 'नको'. जुईला कळलं. मला नऊ वर्षं जे कळायचं म्हणून मी मिरवत होते, ते त्या पोरीला दोन मिनिटांत कळलं. तो आवाज आईचा होता, आणि आईच्या आवाजानं आईला कशी हाक मारायची? तिनं गुपचूप लाल बटण दाबलं, रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं आणि तिला जसं येत होतं तसं म्हटलं. मी रागावेन म्हणून कुणाला सांगितलं नाही. आये म्हटलं म्हणून रागावेन आणि बटणाला हात लावला म्हणून रागावेन. त्यापायी दोन धपाटे खाल्ले.

तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की महिनाभर माझी लेक रोज उन्हात बसून मला बोलवत होती, आणि मी दहा पावलांवर पोळ्या लाटत तीच हाक दुसरीला मिळते म्हणून जळत होते. त्या हाकेला ओ देत नाही म्हणून त्या दुसरीला खडसावूनही आले होते.

मी खुर्ची सावलीत ओढली. शरूपुढं उकिडवी बसले, तिचं तोंड पुसलं आणि म्हटलं, "आले गं. मी आले." शरूनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. नेहमीसारखी हसली नाही. रागच होता तिच्या डोळ्यांत, आणि तो तिचा हक्क होता. मग तिनं वरच्या ओळीकडे न बघता पुन्हा मूठ कोपऱ्यात नेली.

"आयेऽ."

"ओ," मी म्हणाले.

मी समोर बसलेली, नाकाला नाक लागेल एवढ्या अंतरावर, तरी तिनं पुन्हा दाबलं. बहुतेक तपासून बघत होती, खरंच येते का ते. मी पुन्हा ओ दिली. असं चार-पाच वेळा झालं. 

"आयेऽ."

मी पदरानं डोळे पुसत होते, तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या वनिताच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ओ."

तिनं लगेच जीभ चावली. शरूची नजर माझ्यावरून उठून तिच्याकडे गेली. मला तेव्हा काही वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. माझ्या पोटात पुन्हा तेच दुखलं, तिथंच. मी दोन्ही हातांनी शरूचा चेहरा माझ्याकडे वळवला आणि वसाहतीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओ दिली.